ओगुशीच्या धक्क्यावरचा कौल

चिन-ही मावशींनी तिसऱ्यांदा कौल टाकला, वाकून पाहिलं आणि दोन्ही लाकडी चंद्रकोरी उचलून बाहीला पुसल्या.

"युएताओ, तुझी पाटी रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

"रिकामी म्हणजे?"

"नाव आहे, नावाची मालकीण नाही. वर्षभर तू इथे पेरू ठेवतेस, संत्री ठेवतेस, ते कोण खातंय कुणास ठाऊक. या बाकीच्या पोरी खात असतील. तुझी शान इथे आलेलीच नाही."

लूकांग गावाच्या बाहेर, कालवं फोडायच्या शेडांच्या मागे, कुमारिकांचं एक देऊळ आहे. चिन-ही मावशी तिथल्या पुजारीण. लग्न न होता गेलेल्या मुलीच्या नावाची पाटी बापाच्या देव्हाऱ्यात लागत नाही. बाईची पाटी सासरी लागते, आणि सासरच नसेल तर ती इथे येते. युएताओच्या लेकीची, पेइशानची पाटी इथे खिडकीजवळ होती. पलीकडे जपानात, ओगुशी नावाच्या लहानशा बेटावर ती बुडाली, त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

"पण राख आणली ना," युएताओ हळू आवाजात म्हणाली.

"राख तुझ्या पुतण्याने आणली. शिकलेला मुलगा तो. त्याने हाक मारली का तिला? पूल आला तेव्हा सांगितलं का, की शान, पूल आला, पाऊल उचल? बोटीत बस म्हणाला? चारचौघांत लाज वाटली असेल त्याला. ती बिचारी अजून पाण्याकडे बघत उभी असेल तिथे. तुलाच जायला हवं. आईचा आवाज ओळखतात गं त्या."

युएताओ अठ्ठावन्न वर्षांची होती आणि एकटीने कधी ताइपेईलाही गेली नव्हती. पहाटे उठून समुद्रमातेला, मग पूर्वजांना उदबत्ती लावायची, पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मासळी-मांस वर्ज्य करायचं, आणि उरलेला दिवस दुकानात बसून उदबत्त्यांच्या जुड्या बांधायच्या, असं तिचं आयुष्य गेलेलं. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा सकाळची उदबत्ती चुकली नाही.

आणि अशा बाईच्या पोटी पेइशान! दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडून, पाठीवर एक पिशवी घेऊन ती तीन वर्षं आशियाभर एकटी फिरत होती. कुठून कुठून फोन यायचे. लाओसमध्ये नदीवरच्या बोटीत ती लसणाच्या पोत्यांवर झोपली आणि आठवडाभर अंगाचा वास गेला नाही. मंगोलियात एका म्हातारीने, ओळख ना देख, नुकतं जन्मलेलं कोकरू तिच्या कोटात खुपसलं आणि म्हणे, सकाळपर्यंत जगव. ते जगलं. फोनवर हे सांगताना शान रडत होती आणि हसतही होती. समरकंदच्या बाजारात कुणीतरी तिचे बूट चोरले, तर चांभाराने दुसरे फुकट दिले, दोन्ही डाव्या पायाचे. युएताओ ऐकायची, म्हणायची, "जेवलीस का?" आणि फोन ठेवल्यावर नकाशात ते गाव शोधायची.

पण शेवटचा फोन तसा झाला नाही. चैत्रात थडगी साफ करायचा दिवस होता, घरात सगळे भाऊबंद जमलेले, कुणी ना कुणी विचारत होतं, तुझी मुलगी कुठे, लग्न कधी. तेवढ्यात फोन वाजला. युएताओ दमलेली होती. म्हणाली, "हुंदड हवं तेवढं. लग्न केलं नाहीस तर मेल्यावर या घरात तुझ्या नावाला बोटभर जागा मिळणार नाही, एवढं ध्यानात ठेव."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. मग शान म्हणाली, "बरं, आई."

तीन आठवड्यांनी पोलिसांचा निरोप आला.

नवऱ्याचे थोरले भाऊ, वेनशियुंग भाऊजी, घराण्याचे कर्ते. सत्तरीचे, करड्या शिस्तीचे. इथे जपान्यांचं राज्य होतं तेव्हा चौथीपर्यंत शिकलेले, त्यामुळे हिशोब आणि शिव्या दोन्ही जपानीत करत. जपानला जायचा विषय तिने एकदाच काढला. "पुतण्या जाऊन आला ना? विषय संपला," ते म्हणाले. मग तिने पुन्हा विचारलं नाही. तांदळाच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवली, शानचा पिवळा सदरा, कौल आणि उदबत्त्या पिशवीत घातल्या आणि निघाली.

भाषांतर करणारे फोन अजून कुणाच्या खिशात आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. पण तिला धीर एका गोष्टीचा होता. जपानी लोक आपलीच अक्षरं लिहितात, बोलणं कळलं नाही तरी वाचणं कळेल.

त्या अक्षरांनीच पहिल्या दिवशी तिची फजिती केली. विमान, मग दोन गाड्या, आणि बंदराच्या गावात पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागले होते. एका दारावर निळा पडदा, त्यावर मोठ्ठं अक्षर, 'सूप'. ती आनंदाने आत शिरली. आत चार बायका उघड्या अंगाने डोक्यावर पाणी ओतून घेत होत्या! युएताओ दारातच थिजली. जपानात ते अक्षर न्हाणीघराच्या गरम पाण्याचं असतं, हे तिला कोण सांगणार? गल्ल्यावरची बाई हसून हसून बेजार झाली. मग कसं कोण जाणे, हिचा चेहरा पाहून तिने हसणं थांबवलं आणि स्वतःच्या डब्यातला अर्धा भात काढून दिला. तो पुढ्यात घेऊन खाताना युएताओला वाटलं, शान असं ताट घेऊन किती अनोळखी दारांत बसली असेल. हे तिला आवडत होतं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने ती ओगुशीला उतरली. बेटावर चाळीसेक घरं, एक धक्का, आणि हिसाए नावाच्या बाईंची चार खोल्यांची खाणावळ. शान तिथेच उतरली होती. युएताओ आधी धक्क्याच्या टोकाशी गेली. सदरा पसरला, उदबत्ती लावली, आणि जन्मात पहिल्यांदा उघड्यावर मोठ्या आवाजात हाक मारली.

"शान! ए शान! मी आले गं. चल. देवळात तुझी जागा आहे, खिडकीजवळ. चिन-ही मावशी रोज दिवा लावतात. मी दर पंधरवड्याला फळं आणते. येतेस ना?"

कौल टाकला. एक कोर पालथी, एक उताणी पडली की होकार. दोन्ही पालथ्या पडल्या, पाठी वर. नकार.

तिने पुन्हा विचारलं. नकार. तिसऱ्यांदा दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे ऐकणारं हसतंय, तुमचा प्रश्नच धड नाही. पुन्हा टाकला, पुन्हा हसू. नऊ वेळा टाकला. जाळी दुरुस्त करणारे दोन म्हातारे काम थांबवून बघत होते, मग त्यांनी माना खाली घातल्या.

हिसाए-सान धावत आल्या तेव्हा युएताओ सदऱ्याची घडी करत होती. त्या सत्तरीच्या, काटक, बोलक्या. चेहऱ्यावरूनच त्यांनी ही कोण ते ओळखलं. हाताला धरून घरी नेलं, चहा दिला, आणि दोघीही आपापल्या भाषेत, एकमेकींचं काही न कळता बराच वेळ बोलत राहिल्या. मग हिसाए-साननी कॅलेंडरचा जुना कागद आणि पेन पुढे केलं.

युएताओने लिहिलं: 'शेवटी काय म्हणाली?'

हिसाए-सान पेन धरून विचारात पडल्या. त्यांना पुष्कळ सांगायचं असणार. पण दोघींना कळतील अशी अक्षरं कितीशी? शेवटी त्यांनी सावकाश, वळणदार, दोनच अक्षरं काढली आणि मान डोलवत कागद पुढे सरकवला.

पहिल्या अक्षरात डाव्या अंगाला 'बाई', उजव्या अंगाला 'गुणी'. म्हणजे आई. दुसरं, 'परत जाणे'.

आई, परत जा.

युएताओने कागद दोनदा वाचला. म्हणजे शानला ठाऊक होतं, आई एक दिवस येईल. आणि तिने निरोप ठेवला होता. कौल तेच सांगत होता, नऊ वेळा. त्याला कशाला दोष द्यायचा?

तिने वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली. हिसाए-सान गोंधळून मागे मागे आल्या, काहीबाही विचारत राहिल्या, शेवटी भाताचे दोन मुटके कागदात बांधून तिच्या हातात कोंबले. दुपारची बोट धक्क्याला लागलेली होती. युएताओ बसली. बोटीत चढताना लेकीला हाक मारायची असते, ती तिने मारली नाही. नको म्हणणाऱ्या माणसाला किती ओढायचं?

बोटीत समोरच्या बाकावर एक तरुण बाई आणि तिची छोटी पोर बसली होती. पोर काचेवर श्वास सोडून त्या धुक्यात मासे काढत होती. तिने युएताओकडे एकटक पाहिलं, मग एक मासा पुसून त्याला डोळे काढले आणि बोट दाखवलं, हा तुझा. मुलं अशी समोर आली की कितीही दुःखात असलं तरी हात आपोआप पिशवीत जातो. युएताओने शेंगदाण्याची वडी काढून दिली, आणि तळहातावर बोटाने लिहून त्या बाईला विचारलं, 'वय किती?'

बाई हसली. पोरीने ठेवलेल्या धुक्याच्या तुकड्यावर तिने बोटाने लिहिलं: 'आई, चार वर्षं.'

युएताओलाही किंचित हसू आलं. तुझी आई चार वर्षांची? तिने बोटाने त्या पहिल्या अक्षराकडे, मग बाईकडे खूण केली: हे तू ना? बाईने मान हलवली. नाही नाही. तिने तेच अक्षर पुन्हा काढलं, 'बाई' आणि 'गुणी', आणि आपला हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून वेगळंच अक्षर काढलं, आईचं, ज्याला इकडेतिकडे कुठेही दुसरा अर्थ नाही.

काचेवरचं पाणी ओघळायला लागलं.

सुपाचं अक्षर गरम पाणी. आणि हे अक्षर, जे युएताओ आयुष्यभर आई म्हणून वाचत आली, ते इथे मुलगी.

मुलगी, परत जाणे. मुलगी घरी चालली होती.

तिच्या तोंडून असा आवाज निघाला की पोर घाबरून आईला बिलगली. युएताओने दोघींना हात जोडले, पुन्हा पुन्हा जोडले. बोट पलीकडे लागली तरी ती उतरलीच नाही. तिकीटवाला येऊन काहीतरी म्हणाला. तिने बेटाकडे बोट दाखवलं. तो बडबडला, खांदे उडवले आणि बसू दिलं.

खाणावळीच्या दारात हिसाए-सान कपडे वाळत घालत होत्या. युएताओने त्यांच्या हाताला धरून आत नेलं आणि टेलिफोन उचलला.

"भाऊजी, मी युएताओ."

"कुठे आहेस? कालपासून शोधतोय! तांदळाच्या डब्याखाली चिठ्ठी? उंदरांना वाचायला ठेवली होतीस?"

"ओगुशीला आहे. रागावणं घरी आल्यावर करा. आता इथल्या बाईंशी बोला आणि त्या काय सांगतात ते मला सांगा. सगळं सांगा. गाळू नका काही."

असं ती त्यांच्याशी पस्तीस वर्षांत बोलली नव्हती. तिने फोन हिसाए-सानच्या हातात दिला. त्या बोलू लागल्या त्या थांबेचनात, मध्येच डोळे पुसत, मध्येच खिडकीतून धक्क्याकडे हात करत. मग फोन परत आला.

"काय म्हणाल्या?"

"सांगतो." भाऊजींनी घसा साफ केला. "पोरगी सतरा दिवस राहिली. भांडी घासायची. बाईंना म्हणे तिने आपल्याकडचं कालवांचं घावन करायला शिकवलं, ते बिघडलं. घरचं तिकीट काढलं होतं. वाऱ्याने बोट दोन दिवस बंद होती. ती सारखी धक्क्याच्या टोकाला जायची, बोट दिसते का बघायला. तिथेच लाट आली."

युएताओने खिडकीतून त्या टोकाकडे पाहिलं. घरी यायचं ठरवलं नसतं तर ती त्या टोकाला गेलीच नसती. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"भाऊजी."

मग भाऊजी बोलले तेव्हा त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "ती बाईंना मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली होती, की घराच्या देव्हाऱ्यात मला जागा नाही. पण आई आहे तोवर स्वयंपाकघरात आहे. तेवढी पुरते मला."

हिसाए-साननी चूल मंद केली आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. युएताओच्या मनात तिचेच सकाळचे शब्द उभे राहिले. देवळात तुझी जागा आहे, खिडकीजवळ. पोरगी घरी निघालेली, आणि आई एवढा समुद्र ओलांडून तिला सांगायला आली, देवळात चल.

"भाऊजी," ती म्हणाली, "देव्हाऱ्यात यांच्या पाटीशेजारी शानला जागा करा."

"युएताओ, आपल्या घराण्यात आजवर एकाही मुलीची..."

"मी विचारत नाहीये. सांगतेय. पूर्वज रागावले तर मला रागावू देत. रोज पहाटे त्यांना उठवते मी, माझं ऐकून घेतील एवढं."

तिला वाटलं, ठेवला फोन.

"पाटी केवढी आहे?" भाऊजींनी विचारलं.

"वितीएवढी."

"मग थोरल्या काकूंची जरा सरकवावी लागेल. जिवंतपणीसुद्धा कुणाला सरकून बसायला दिलं नाही त्यांनी."

"त्यांना मी समजावेन."

"हं," भाऊजी म्हणाले. आणि ठेवता ठेवता, "पोरीला सांभाळून आण."

ऊन उतरायला लागलं होतं. शेवटची बोट यायला थोडा वेळ होता. युएताओ पुन्हा धक्क्याच्या टोकाशी बसली. हिसाए-सान तिच्यामागे दोन हातांवर, हात जोडून. या वेळी तिने मोठ्याने हाक मारली नाही. माजघरातून स्वयंपाकघरात बोलावं तशी बोलली.

"शान, घरी चल. आपल्या घरी. बाबांच्या शेजारी."

कौल दगडावर वाजला. एक कोर उताणी, एक पालथी.

पहिल्याच वेळी. खरं म्हणजे कौल तीनदा लागावा लागतो. पण पुन्हा विचारायचा तिला धीर झाला नाही, आणि समुद्रमाता तेवढं चालवून घेईल असं तिला वाटलं. तिने पिवळा सदरा छातीशी धरला आणि त्यात तोंड खुपसून ती रडली. वर्षभर ती व्रतात बसलेल्या बाईसारखी कोरडी राहिली होती. आता मात्र थांबेना. हिसाए-साननी तिच्या पाठीवरून हात फिरवला, ओळखीचा असल्यासारखा.

बोट आली.

"शान, बोट आली. फळी ओली आहे, जपून," युएताओ म्हणाली. "इथे बस. वारा लागतोय का? आत सरक."

तिकीटवाला तोच होता. त्याने तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून पुढे गेला.

बेट मागे पडलं. पुढे मोकळा समुद्र. पूल यायला वेळ होता, बोगदे तर उद्याच होते. सांभाळ म्हणून सांगावं असं आता काही नव्हतं. पण बोलणं थांबवायचा युएताओला धीर होईना. मग तिने गावच्या बातम्या सांगायला घेतल्या. उदबत्तीची काडी यंदा ओलसर येतेय. पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या मुलाने दुसरं लग्न केलं. तुझ्या खोलीत मी जुड्या रचून ठेवल्यात, त्या उचलेन. तुझ्या दवाखान्यातल्या त्या उंच मुलीला जुळं झालं, दोन्ही मुली.

प्रत्येक बातमीनंतर ती जराशी थांबे, समोरच्याला बोलायला जागा द्यावी तशी. पाण्याचा आवाज येई. मग ती पुढची बातमी सांगे.